मळीतल्या यीस्टपासून माणसाच्या पेशीपर्यंत : एका फॉस्फटेज जनुकाची गोष्ट

श्रीपुरात येऊन पेशीवर बोलायचं, तर सुरुवात मळीपासूनच केलेली बरी. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि इथला साखर कारखाना ही या गावाची ओळख झाली. साखर काढून उरलेली मळी डिस्टिलरीत जाते, तिथं यीस्ट तिचं मद्यार्क करतं. यीस्ट म्हणजे एका पेशीचा जीव. त्याला कळी फुटते, ती वाढते, वेगळी होते.

आजची गोष्ट त्याच्या एका लांबच्या नातेवाइकाची. पूर्व आफ्रिकेतल्या बाजरीवर्गीय धान्याच्या बिअरमधून पॉल लिंडनर यांनी १८९३ साली हे यीस्ट वेगळं काढलं. स्वाहिलीत बिअरला 'पोंबे' म्हणतात, तेच त्याचं नाव पडलं. याला कळी फुटत नाही. ते उसाच्या कांड्यासारखं लांबट होतं आणि बरोबर मधून दोन होतं. लांबी बघितली की पेशी दुभंगायला किती आलीय ते कळतं. संशोधकाला आणखी काय पाहिजे!

१९७०च्या दशकात एडिनबरामध्ये पॉल नर्स या यीस्टमधले बिघाड गोळा करत होते. काही पेशी लहान असतानाच दुभंगायच्या. त्यांना नाव दिलं 'वी', म्हणजे स्कॉटिश बोलीत चिमुकलं. काही मात्र तापमान वाढवलं की नुसत्या लांबत जायच्या, दुभंगायच्याच नाहीत. अशांपैकी एकात बिघडलेलं जनुक म्हणजे सीडीसी२५. १९८६ साली पॉल रसेल आणि नर्स यांनी दाखवलं, की हे जनुक जास्त काम करू लागलं तर पेशी वेळेआधीच दुभंगते. म्हणजे विभाजनाला धक्का देणारं हेच. पण ते नेमकं करतं काय? हे मात्र तेव्हा कळलं नव्हतं.

इथं फॉस्फेट येतं. पेशीतले निरोप पुष्कळदा एका प्रथिनावर फॉस्फेट चिकटवून किंवा काढून दिले जातात. चिकटवणारी प्रथिनं ती कायनेज, काढणारी ती फॉस्फटेज. माझं मत विचाराल, तर बराच काळ सगळं कौतुक कायनेजच्या वाट्याला गेलं. फॉस्फटेज म्हणजे मागून येऊन झाडलोट करणारं, असंच जणू धरलं जायचं. १९९१ साली हे चित्र पालटलं. सीडीसी२५ हे स्वतःच फॉस्फटेज निघालं.

उताराला ट्रॉली उभी केली की चाकाखाली दगड लावतात, तसं समजा. विभाजन सुरू करणारं सीडीके१ हे प्रथिन तयार असतं, पण 'वी' जनुकाचं प्रथिन त्याला फॉस्फेटचा दगड लावून ठेवतं. सीडीसी२५ तो दगड काढतं. बघा, काढून टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे. इथं काढल्यानंच गाडी सुटते.

माणसातलं जोडीदार जनुक १९९० साली सापडलं, आज त्याला सीडीसी२५सी म्हणतात. ते बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं आणि यीस्ट पुन्हा दुभंगू लागलं! माणसाचं जनुक बिअरच्या किण्वात चालतं, हे ऐकून मला अजूनही नवल वाटतं. नर्स यांना २००१ साली नोबेल मिळालं, ते पेशीचक्राचे मुख्य नियंत्रक शोधल्याबद्दल.

मग प्रश्न आला, की डीएनएला इजा झालेली असताना हा दगड कोणी काढू नये, याची व्यवस्था काय? इजा झालेली पेशी तशीच दुभंगली, तर चूक पुढच्या पेशींत जाते. कर्करोगाची वाट तिथूनही निघते. सोराब दलाल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेत दाखवलं, की एरवी १४-३-३ नावाचं प्रथिन सीडीसी२५सीला धरून केंद्रकाबाहेर ठेवतं. धरण्याची जागा बदलली की ते आत शिरतं. पुढे दलाल खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आले. २००८ साली तिथल्या कामातून दिसलं, की या १४-३-३ कुटुंबातलं 'गॅमा' हे एक प्रथिन कमी केलं, तर माणसाच्या पेशी इजा असूनही थांबत नाहीत.

असं काम मुंबईच्या परिसरात होऊ शकलं, त्यामागं जुनी कमाई आहे. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं, डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली घडलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायला शिकल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी पहिल्यांदा अखंड वाढत राहिल्या. परत येऊन रणदिवेबाईंनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. माणसाच्या जनुकाचं काम बघायचं, तर माणसाची पेशी बशीत जगवता आली पाहिजे. ते कसब इथं बाईंनी रुजवलं. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव मोठ्या अक्षरात असायला हवं, असं मला वाटतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. २००१ साली सीडीसी२५सी अजिबात नसलेले उंदीर तयार केले गेले, आणि ते नीट जगले! सस्तन प्राण्यांत या जनुकाची तीन भावंडं आहेत, ए, बी आणि सी. एक नसलं की बाकीची सांभाळून घेतात. म्हणजे या एकाला औषधानं रोखलं की कर्करोगाची पेशी थांबेल, असं म्हणता येत नाही. तिच्याकडेही दोन भावंडं उरतातच.