गोणी, वळकटी आणि बचत गटाची पिशवी

आजची गोष्ट सामान बांधण्याची. माहेरी जायच्या किंवा वारीला जायच्या सामानाची नाही, धंद्यासाठी गाव सोडून जाताना बांधलेल्या सामानाची. आपल्या गटातल्या कोणी ना कोणी आता मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जाते, कोणी जिल्ह्याच्या प्रदर्शनात दुकान लावते. तेव्हा वाटते, की बाई धंद्याला बाहेर पडली ती आत्ताच. अमरावती-अकोल्याचा जुना रस्ता पाहिला तर तसे दिसत नाही.

रेल्वे नव्हती तेव्हा आपल्या वऱ्हाडचा कापूस बैलाच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे, आणि तिथून नावेतून बंगालकडे. अमरावतीहून नागपूर, जबलपूर करत ही वाट जवळपास 800 किलोमीटरची. 1842 साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे कापूस कलकत्त्याकडे पाठवला, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदले आहे. आकडा ऐकून डोळे फिरतात. ‘एका व्यापाऱ्याने’ असे त्यात लिहिले आहे, पण तो काही एक लाख बैल स्वतः हाकत गेला नव्हता. ते ओझे लादणारी, उतरवणारी, रात्री राखणारी माणसे वेगळीच होती. अशा लांबच्या मालवाहतुकीचा कणा म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे.

या व्यापाराला बंजारा समाजात लदेणी म्हणतात. ‘लादणे’ हा शब्द त्यात ऐकू येतोच. 1632 साली पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी आग्र्याहून पाटण्याला जाताना असा एक तांडा पाहून थक्क झाला. धान्य लादलेले 14 हजार बैल त्याने लिहून ठेवले आहेत. तो रस्ता उत्तरेतला, पण तांड्याची चाल सगळीकडे तीच. मंडीच्या नोंदीत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, तांडा दिवसाला दहा-अकरा किलोमीटरच्या वर चालत नसे, आणि तेही सकाळी-संध्याकाळी, उन्हाचा तडाखा टाळून. दुसरी, बायका-मुले आणि सगळा संसार बरोबरच असे.

आता हिशोब करा. दिवसाला अकरा किलोमीटरने मिर्झापूरची वाट म्हणजे सुमारे अडीच महिने. तितकेच दिवस परतीचे. रोज सकाळी घर मोडायचे, बांधायचे, बैलावर चढवायचे. संध्याकाळी ते सोडायचे, मांडायचे. घर मांडायचे आणि मोडायचे हे काम कोणाच्या हातचे असेल, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

या सगळ्यात खरी अक्कल होती ती गोणीत. बैलाच्या पाठीवर आडवी टाकायची, दोन्ही अंगांना लोंबणारी जाड सुतळीची दुहेरी पिशवी म्हणजे गोणी. इंग्रजीत तागाच्या पोत्याला जो शब्द आहे, तो आपल्या ‘गोणी’वरूनच तिकडे गेला. एका बैलावर शंभर किलोच्या वर ओझे असे. दोन्ही बाजूंना सारखे वजन हवे. एक बाजू जड झाली की ओझे सरकते, बैलाची पाठ सोलते, आणि पाठ सोललेला बैल पुढच्या मुक्कामाला निकामी. सण-अंबाडीचे सूत काढणे, पट्टी विणणे, गोणी शिवणे, फाटली तर वाटेतच टाका घालणे, ही कामे तांड्यातच होत. बाजारात जाऊन नवी आणायची सोय कुठे होती?

कापूस तर नेण्यासारखा माल नव्हताच. हलका दिसतो, पण जागा खातो. धूळ धरतो. वाटेत पाऊस लागला तर भिजून इतका जड होतो, की बैल चिखलात बसतो. त्यामुळे तांड्याची चाल पावसाळा सोडून. रात्री मुक्कामाला गोण्या एकावर एक रचून भिंत करायचे. त्या भिंतीच्या आत माणसे, पोरे, गुरे. दिवसा जे ओझे, रात्री तेच घर. मला तर वाटते, सामान बांधण्याची याहून हुशारीची रीत दुसरी नसेल.

आणि बाकीचे काय घ्यायचे? चुलीचे तीन दगड कुठेही मिळतात, तवा मिळत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून सगळे समजून घ्या. अंगावरचे कपडे मात्र भारी. घेरदार फेट्या, आरसे आणि कवड्या लावलेली काचळी, हातभर बलिया, पायात चांदी. शहरातल्या माणसाला वाटते, एवढे घालून चालायचे कशाला. बाईंनो, ती तिची बँक होती. पेटी चोरीला जाते, गोणी भिजते, अंगावरचे अंगावर राहते. कशिदा भरलेली कोथळी, म्हणजे आपली थैली, तीही तिने स्वतः शिवलेली. आज तोच कशिदा प्रदर्शनात काचेमागे मांडतात.

पेढीवाल्या शेठजीची रीत वेगळी. तो रोकड घेऊन फिरत नसे. पेंढाऱ्यांच्या काळात तर रोकड म्हणजे जिवाला घोर. त्यासाठी हुंडी. इकडच्या सावकाराने कागद लिहून द्यायचा, तिकडच्या सावकाराने पैसे मोजायचे. कमरेच्या कशात थोडे नाणे, खांद्यावरच्या पडशीत चोपडी, दौत, लेखणी, आणि फडक्यात दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ मळले की भाकरी दोन-तीन दिवस टिकते, हे शेठजीला कोणी शिकवले नव्हते. ते त्याच्या घरच्या बाईला माहीत होते. व्यापाऱ्याच्या वहीत हुंडीची नोंद सापडते, दशमीची नाही.

मग आली आगगाडी. 1853 ला मुंबई-ठाणे, आणि 1867 पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून थेट नागपूर. मधल्या काळात, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. अडीच महिन्यांची वाट दोन दिवसांवर आली. कापूस आता गोणीत नाही, प्रेसमध्ये दाबून गठाणीत जाऊ लागला. पुढे मूर्तिजापूरवरून अचलपूर आणि यवतमाळकडे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी झाली, आपली शकुंतला, तीही कापसासाठीच.

शेतकऱ्याला, अडत्याला, शेठला यात फायदाच. तांड्याचे मात्र पोट गेले. लदेणी बुडाली, बैल विकले, कोणी शेतमजूर झाले, कोणी जंगलाच्या कडेला वस्ती केली. त्यात 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. बोचके घेऊन फिरणारा माणूस, ज्याला काल व्यापारी म्हणत, तो आज संशयित. बंजाऱ्यांनाही काही भागांत हे सोसावे लागले. तो कायदा मोडायला स्वातंत्र्यानंतर 1952 साल उजाडले. आणि जिने पिढ्यान्‌पिढ्या माल बांधला, शिवला, तोलला, तिच्यासारख्या बायांना गावात मिळाले काय? जिनिंगमध्ये सरकी वेचायचे रोजंदारीचे काम. सगळ्यात वाईट मला हे वाटते.

रेल्वेने सामानाचे रूपही बदलले. पत्र्याची ट्रंक आली, गादी-सतरंजी गुंडाळून पट्ट्याने आवळलेली वळकटी आली, फिरकीचा तांब्या आला. झाकण फिरवून घट्ट बसणारा हा तांब्या धक्क्यात सांडत नाही, अजून काही घरांत माळ्यावर असेल. शेठ मुंबईला कुलाब्याच्या कापूस बाजारात जाताना धोतर, कोट, डोक्याला पगडी किंवा टोपी, आणि सोबत कापसाचा नमुना. पहिल्या वर्गाचे सामान हमाल उचलत, तिसऱ्या वर्गाचे स्वतःच्या डोक्यावर. 1902 साली गांधीजी कलकत्त्याहून राजकोटला तिसऱ्या वर्गाने निघाले, तेव्हा काय घेतले ते त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. 12 आण्यांची कॅनव्हासची पिशवी, लोकरीचा लांब कोट, एक धोतर, टॉवेल, सदरा, पांघरूण आणि पाण्याचे भांडे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लाडू-पुऱ्यांचा डबा दिला होता. बस्स, इतकेच. पुरुषाने एकट्याने निघायचे म्हणजे हे जमते. लेकरू काखेत असलेल्या बाईची यादी कोणी लिहीत नाही.

म्हणून म्हणते, तुमची यादी लिहा. गटाच्या वहीतच एक पान त्याला द्या. कुरडया आणि सरगुंडे तुटतात, त्यांचे डबे वर. तिखट आणि मसाला दुहेरी पिशवीत, नाहीतर साड्यांना वास. दोन पिशव्या सारख्या वजनाच्या, दोन हातांना. गोणीचाच कायदा. रेल्वेत स्लीपरला माणशी 40 किलो आणि दुसऱ्या वर्गाला 35 किलो सामान फुकट नेता येते. त्याहून जास्त असेल तर स्टेशनवर आधी पार्सल करा, गाडीत चढल्यावर वाद घालू नका. आधार कार्ड, गटाचा शिक्का, पावती पुस्तक, पैसे घ्यायचे क्यूआर कोडचे कार्ड, हे सगळे अंगाजवळच्या छोट्या थैलीत, मालाच्या पिशवीत नाही. आजची हुंडी तीच. स्टॉलवर दिवसभर उभे राहायचे आहे, म्हणून नवी साडी आणि नवी चप्पल एकदम काढू नका, चप्पल तरी जुनी असू द्या. पाळीचे कापड किंवा पॅड, डोकेदुखीची गोळी, चार्जर. घरून निघताना कोणाला हे आठवत नाही, मुंबईत गेल्यावर आठवते.

एक गोष्ट राहिलीच. तांड्याचा बैल रिकामा परतत नसे. किनाऱ्याकडे धान्य घेऊन गेलेला मीठ घेऊन येई. आपण मात्र रिकामे डबे घेऊन येतो. सरसचा माल संपला, की परतीच्या गाडीत त्याच डब्यांत पॅकिंगच्या पिशव्या आणि लेबलचा कागद भरून आणा. मुंबईत मशीद बंदरच्या घाऊक बाजारात तो मिळतो. जाण्याआधी गटात ठरवा, पैसे वेगळे काढा, आणि एक बाई त्या कामासाठी शेवटच्या दिवशी मोकळी ठेवा.