मात्रा कोणाच्या देहाची?

1959 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एक अस्वस्थ करणारे निरीक्षण प्रसिद्ध केले. अकाली जन्मलेल्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिले जाई. पण ते मिळालेली बाळेच अधिक संख्येने दगावत होती. पोट फुगे, श्वास अनियमित होई, त्वचा राखाडी पडे. ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. औषध भेसळीचे नव्हते आणि मात्राही वजनाच्या हिशेबाने दिलेली होती. चूक त्या हिशेबातच होती. हे औषध निष्प्रभ करणारी यंत्रणा नवजात यकृतात पुरेशी तयार नसते, मूत्रपिंडेही अपक्व असतात. त्यामुळे आधीची मात्रा शरीरातून जाण्यापूर्वीच पुढची तिच्यावर साचत गेली.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ, ही समजूत म्हणजेही एक प्रारूपच होते. ते कोणी कागदावर मांडले नव्हते, म्हणून कोणी तपासलेही नव्हते. औषधनिर्मितीतील संगणकीय प्रारूपांचा इतिहास या अंगाने पाहिला, तर तो यंत्रांच्या प्रगतीइतकाच अशी गृहीतके उजेडात आणण्याचा इतिहास ठरतो.

त्याची सुरुवात संगणकाच्या आधीची आहे. स्वीडनमधील उप्साला येथील शरीरशास्त्रज्ञ टॉर्स्टन टेओरेल यांनी 1937 साली दोन निबंध लिहिले. औषध टोचलेली जागा, रक्त, ऊती असे एकमेकांना जोडलेले कप्पे त्यांनी कल्पिले आणि प्रत्येकात औषध किती वेगाने येते-जाते याची समीकरणे मांडली. त्या काळी या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे 1953 साली या विषयाला ‘फार्माकोकायनेटिक्स’ हे नाव दिले ते फ्रीडरिश हार्टमुट डोस्ट या जर्मन बालरोगतज्ज्ञाने.

1968 साली केनेथ बिशॉफ आणि रॉबर्ट डेड्रिक या रसायन अभियंत्यांनी कप्प्यांच्या जागी खरे अवयव आणले. त्यांचे आकारमान आणि त्यांतून वाहणारे रक्त यांचे आकडे घेऊन थायोपेंटल या भुलीच्या औषधाचा प्रवास त्यांनी गणिताने मांडला. एका मात्रेनंतर रुग्ण काही मिनिटांत जागा होतो, पण औषध तोवर शरीराबाहेर गेलेले नसते. ते मेंदूतून स्नायूंकडे आणि पुढे चरबीकडे सरकलेले असते. म्हणूनच वारंवार दिलेल्या मात्रा साचत जातात.

तरीही हा देह सरासरी माणसाचा होता. प्रत्यक्षात वॉर्डात सरासरी माणूस भेटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉक्टर लुईस शाइनर यांनी नेमका हाच प्रश्न धरला. मोजक्या निरोगी स्वयंसेवकांचे रक्त वारंवार काढून तपासण्याची तेव्हा रीत होती. बार रोझेनबर्ग आणि व्ही. व्ही. मराठे यांच्यासह 1977 साली लिहिलेल्या निबंधात शाइनर यांनी उलट वाट दाखवली: नेहमीच्या उपचारांत पुष्कळ रुग्णांचे जे थोडेथोडे नमुने घेतले जातात, त्यांवरूनच अंदाज बांधायचा. वय, वजन, मूत्रपिंडाचे काम यांमुळे माणसामाणसांत किती फरक पडतो आणि किती फरकाचा उलगडा होत नाही, हे दोन्ही समीकरणातच आले. संख्याशास्त्रज्ञ स्टुअर्ट बील यांच्यासह त्यांनी 1980 च्या सुमारास ‘नॉनमेम’ ही संगणक प्रणाली उपलब्ध केली. 1999 साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या पद्धतीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

याचे मोल नवजात कक्षात कळते. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून 80 ते 100 मिलिलिटर रक्त असते. ते दर तासाला काढता येत नाही. पण अनेक बाळांच्या एकदोन नमुन्यांतून प्रारूप उभे राहू शकते. मग संगणकात हजारो कल्पित बाळांवर निरनिराळ्या मात्रा ‘देऊन’ पाहता येतात आणि कोणती मात्रा प्रत्यक्ष चाचणीस योग्य हे आधी ठरवता येते. चाचणी मात्र चुकत नाही. औषधाविषयी शिकणे वेगळे आणि शिकलेले पडताळणे वेगळे, हा भेद शाइनर यांनी 1997 च्या लेखात आग्रहाने मांडला होता.

1959 साली प्रौढांचेच आकडे आजच्या वेगवान संगणकाला दिले असते आणि देह फक्त वजनाने लहान करायला सांगितले असते, तर त्यानेही तीच घातक मात्रा सुचवली असती, तीही दशांश चिन्हापुढच्या चार अंकांसह. म्हणून कोणतेही प्रारूप समोर आले की आधी विचारावे, यात कोणाकोणाच्या रक्ताचे थेंब आहेत आणि कोणाचे राहून गेले आहेत?