सॉल्ट लेकचा सायक्लोन आणि रोलर कोस्टरची निवृत्ती

कोलकात्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक या उपनगरात, सेक्टर ४ मधील झिलमिल भागात, १३ ऑक्टोबर १९९१ रोजी निक्को पार्क हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. सुमारे ४० एकरांचे हे उद्यान निक्को उद्योगसमूह आणि पश्चिम बंगाल सरकारची पर्यटन व औद्योगिक विकास महामंडळे यांनी मिळून उभारले. त्यासाठी इंग्लंडमधील ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या जुन्या सहलकेंद्राचे तांत्रिक साहाय्य घेतले होते. २००३ मध्ये या उद्यानात ‘सायक्लोन’ हा लाकडी रोलर कोस्टर आला. त्याचा मार्ग सुमारे ७५० मीटर लांबीचा. भारतातील बहुतेक रोलर कोस्टर पोलादी असल्याने लाकडी सांगाड्यावरचा सायक्लोन वेगळा उठून दिसतो. रोलर कोस्टर म्हातारे कसे होतात आणि उद्यानातून बाद का होतात, हे समजून घ्यायला तो चांगले उदाहरण आहे.

ज्या जमिनीवर तो उभा आहे, तिचे वयही फार नाही. विद्याधरी नदीचे पात्र गाळाने भरत गेले आणि कोलकात्याच्या पूर्वेला खाऱ्या पाण्याची सरोवरे व दलदल उरली. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्याने शहर तुंबले, तेव्हा मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी या दलदलीवर नवे नगर वसवण्याचा निर्णय घेतला. १९६२ च्या एप्रिलमध्ये भरावाचे काम सुरू झाले. युगोस्लाव्हियाच्या कंपनीने हुगळीच्या तळाचा गाळ उपसून नळांतून येथवर आणला. नगराचा आराखडा दोब्रिव्होये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुविशारदाचा. पुढे या नगराला बिधाननगर हे नाव मिळाले. भरावाची जमीन वर्षानुवर्षे थोडी थोडी दबत राहते आणि उंच, लांबलचक सांगाड्याला पायाखालची सारखी पातळी लागते. म्हणून अशा जमिनीवर पायाचे काम आणि मार्गाच्या पातळीची मोजणी यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

रोलर कोस्टर या खेळाचा व्यावसायिक इतिहास न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सुरू होतो. १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी तेथे ‘स्विचबॅक रेल्वे’ चालू केली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता आणि तिकीट पाच सेंट. १९१९ मध्ये जॉन मिलर यांनी रुळाच्या खालून धरून ठेवणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. डबा उसळून रुळाबाहेर जाण्याची भीती गेली आणि तीव्र उतार बांधणे शक्य झाले. १९२० च्या दशकात अमेरिकेत शेकडो लाकडी कोस्टर उभे राहिले. त्यापैकी १९२७ चा कोनी आयलंडचा सायक्लोन सर्वांत नामांकित. हेच नाव पुढे जगभरातील अनेक कोस्टरांना मिळाले, तसे सॉल्ट लेकच्या कोस्टरलाही. त्यानंतर मंदी आणि महायुद्ध आले आणि यातले बहुतेक कोस्टर पाडले गेले. बांधणी फसली म्हणून ते गेले नाहीत. तिकिटाच्या पैशांतून दुरुस्तीचा खर्च निघेना, हे त्यामागचे कारण होते. रोलर कोस्टरच्या निवृत्तीचा हा पहिला मोठा अध्याय, आणि पुढच्या बहुतेक निवृत्त्यांचा हिशेब यातच सापडतो.

लाकडी कोस्टरला ठरावीक आयुष्य नसते. त्याचा मार्ग लाकडी फळ्यांच्या अनेक थरांचा असतो आणि सर्वांत वर पोलादी पट्टी असते. खांब, आडव्या तुळया, तिरप्या कैच्या, फळ्या आणि बोल्ट हे सारे सुटे करून बदलता येते. कुजलेला खांब काढून नवा बसवायचा, खडखडणारा टप्पा उखडून नव्या फळ्या घालायच्या, असे वर्षानुवर्षे चालले तर मूळचे फारच थोडे लाकूड शिल्लक राहते, पण कोस्टर तोच राहतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील अल्टूना येथे १९०२ मध्ये बांधलेला ‘लीप द डिप्स’ दीर्घकाळ बंद पडला होता. डागडुजी होऊन तो १९९९ मध्ये पुन्हा चालू झाला. लाकडाचे शत्रू चार: पाणी, बुरशी, वाळवी आणि सततचा हादरा. कोलकात्याच्या दमट हवेत आणि मुसळधार पावसात पहिल्या तिघांचे फावते. लाकूड पावसाळ्यात फुगते, कोरड्या दिवसांत आकसते, आणि प्रत्येक ऋतूबरोबर बोल्टांची पकड सैल होते. म्हणून लाकडी कोस्टर बांधण्याचा खर्च एकदाच येतो, पण सुतारांची टोळी मात्र कायम ठेवावी लागते.

या कामाचे खरे रूप सकाळी दिसते. उद्यानाचे दार उघडण्याआधी यंत्रकामगार मार्गाच्या कडेच्या अरुंद फळीवरून चालत चढ चढतात. सैल झालेला बोल्ट पान्याने आवळायचा, खिळ्याचे वर आलेले डोके ठोकायचे, भेगेवर खडूने खूण करायची, पोलादी पट्टीवर नको तेथे चकाकी आली असेल तर चाक तेथे का घासते ते शोधायचे. मग चढावर गाडी ओढून नेणारी साखळी, तिचे तेल, आणि साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेले दाते तपासतात. चढताना ऐकू येणारा खट-खट आवाज याच दात्यांचा. त्यानंतर रिकामी गाडी काही फेऱ्या फिरवतात आणि नोंदवहीत सही होते. या वहीत तोच सांधा वारंवार येऊ लागला, की म्हातारपण सुरू झाले असे समजायचे.

पोलादी कोस्टर वेगळ्या रीतीने म्हातारा होतो. डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ने १९५९ मध्ये पोलादी नळीचे रूळ आणले आणि पुढच्या दशकांत उलटे वळसे, पिळे व गोल फेरे आले. पोलादावर गंज दिसतो, पण थकवा दिसत नाही. एकच भार लाखो वेळा पडत राहिला, तर मूळ ताकदीपेक्षा कितीतरी कमी भारालाही धातूत केसाएवढी चीर पडते आणि हळूहळू वाढत जाते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस तुटू लागले, तेव्हा जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी प्रयोग करून हा नियम मांडला. आजही उद्यानांत गाडीचे आस आणि महत्त्वाचे जोड उकलून चुंबकीय चूर्ण, रंगद्रव्य किंवा ध्वनिलहरींनी तपासतात. मार्गाच्या मुख्य जोडांमध्ये चिरा वारंवार सापडू लागल्या, तर एकेक जोड शिवत बसण्यापेक्षा सारा सांगाडा उतरवणे स्वस्त पडते. खाऱ्या हवेत हा दिवस लवकर येतो.

सुट्या भागांचा प्रश्न त्याहून बिकट. कोस्टर बांधणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत आणि त्यांचेही उदय-अस्त होतात. पोलादी कोस्टरांच्या युगाची पायाभरणी करणारी अमेरिकन ॲरो कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. मूळ निर्माता नसला, की ब्रेकचा एखादा भाग किंवा नियंत्रण यंत्रणेचे जुने कार्ड नव्याने बनवून घ्यावे लागते. तोवर कोस्टर उभा राहतो. गुंतागुंतीच्या यंत्रांना ही झळ अधिक लागते. न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ हा २००५ चा कोस्टर १३९ मीटर उंचीचा, जगात सर्वांत उंच होता. गाडी वेगाने सोडणारी त्याची द्रवदाबावरची यंत्रणा वारंवार बिघडत असे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत स्फोटांनी पाडला गेला. त्याचे वय वीस वर्षेही नव्हते. उलट ब्लॅकपूलचा १९२३ चा लाकडी ‘बिग डिपर’ शंभरी ओलांडून गेला. साधे यंत्र गावच्या सुताराला आणि लोहाराला दुरुस्त करता येते, म्हणून ते टिकते.

अपघात हे निवृत्तीचे सर्वांत दुःखद कारण. लंडनच्या बॅटरसी उद्यानात १९५१ च्या ब्रिटन महोत्सवासाठी ‘बिग डिपर’ आला होता. ३० मे १९७२ रोजी चढावर गाडी ओढणाऱ्या दोरापासून गाडी सुटली, मागे घसरण रोखणारी यंत्रणा निकामी ठरली आणि पाच मुले मृत्युमुखी पडली. कोस्टर कायमचा बंद झाला आणि १९७४ मध्ये उद्यानही मिटले. भारतात अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ रोजी झोक्यासारखा फिरणारा मोठा पाळणा मोडून कोसळला आणि दोघांचा जीव गेला. तो रोलर कोस्टर नव्हता, पण धडा तोच: जे उकलून तपासले जात नाही, ते एक दिवस लोकांच्या अंगावर येते. काटेकोर तपासणीमुळे एखादा जुना पाळणा बंद झाला, तर ते उद्यानाचे अपयश मानू नये. वेळेवर घेतलेली निवृत्ती हा सुरक्षेचाच भाग आहे.

सुरक्षित असलेला कोस्टरही पैशांच्या हिशेबात हरतो. एका तासात तो किती माणसे फिरवतो, त्यासाठी किती कामगार लागतात, विम्याचा हप्ता किती आणि रांग किती लांब, यावर त्याची जागा ठरते. तोच उतार दहा वर्षे पाहिलेला माणूस नव्या खेळाकडे वळतो. महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले आणि तेथे ‘नायट्रो’ हा मोठा पोलादी कोस्टर आला, तेव्हा जुन्या उद्यानांतील छोट्या कोस्टरांची तुलना थेट त्याच्याशी होऊ लागली. त्यातच मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत उद्याने बंद पडली. उत्पन्न थांबले, पण देखभाल थांबवता येत नव्हती.

भारतातील निवृत्त्यांवर मात्र सर्वांत मोठी छाप जमिनीची आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानातील ‘अप्पू घर’ १९ नोव्हेंबर १९८४ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या शुभंकर हत्तीचे नाव त्याला दिले होते. २००८ च्या फेब्रुवारीत ते बंद झाले, कारण ती जागा मेट्रो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला हवी होती. मुंबईत गोराई खाडीपलीकडचे ‘एस्सेल वर्ल्ड’ १९८९ चे. मराठी घरांतील दोन पिढ्या बोटीने खाडी ओलांडून तेथे गेल्या. शेजारचे वॉटर किंगडम चालू राहिले, पण २०२२ मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाले. दोन्ही ठिकाणी पाळण्यांच्या वयाचा निकाल लागण्याआधी उद्यानांचाच निकाल लागला. सॉल्ट लेकमध्येही हा धोका दूर नाही. निक्को पार्कची जमीन सरकारकडून भाडेपट्ट्याने आलेली आहे आणि शेजारी सेक्टर ५ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची गर्दी झाल्याने या परिसराला आता मोठा भाव आहे.

पाडणे हा एकमेव शेवट नाही. कोनी आयलंडचा सायक्लोन १९७० च्या दशकात पाडण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. नागरिकांनी मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. त्याच किनाऱ्यावरचा १९२५ चा ‘थंडरबोल्ट’ १९८२ मध्ये थांबला, वेलींनी वेढला आणि २००० मध्ये पाडला गेला. दुसरा मार्ग कायापालटाचा. ओहायोतील ‘मीन स्ट्रीक’ हा १९९१ चा लाकडी कोस्टर २०१६ मध्ये बंद करून त्याच्याच सांगाड्यावर पोलादी रूळ घातले आणि २०१८ मध्ये ‘स्टील व्हेंजन्स’ नावाने तो पुन्हा धावू लागला. तिसरा मार्ग स्थलांतराचा: कॅनडातील क्रिस्टल बीचचा ‘कॉमेट’ सुटा करून १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात नव्याने उभारला गेला.

भारतात यातला पहिला, म्हणजे संरक्षणाचा मार्ग अजून रुळलेला नाही. वारसा म्हटला की आपल्याकडे मंदिरे, किल्ले आणि वाडे डोळ्यांपुढे येतात. पण अप्पू घर आणि एस्सेल वर्ल्ड यांनी शहरातल्या सामान्य कुटुंबांना सुट्टीचा दिवस दिला, हाही इतिहासच आहे. कोस्टर वाचवायचा तर हौस पुरत नाही. नोंदवह्या, मूळ नकाशे, सुट्या भागांची मापे आणि लाकडाचे काम जाणणारे कारागीर आधीपासून जपावे लागतात. हे जपले, तर सॉल्ट लेकच्या सायक्लोनला वयाची भीती नाही. त्याचे पुढचे आयुष्य दुरुस्तीचा खर्च, प्रवाशांची संख्या आणि जमिनीबाबतचा सरकारी निर्णय या तीन गोष्टींवर ठरेल.