नायट्रस बसवायचंय? मग कॅमशाफ्ट कोणता घ्यायचा ते आधी समजून घ्या

गेल्या आठवड्यात अंबडहून माझ्या मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एक व्हिडिओ आणि खाली एकच ओळ, "दादा, हा कॅम नायट्रसला चालेल का? साउंड एक नंबर आहे." त्याने जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतलीय. यंदाच्या मोसंबीच्या पैशातून इंजिन बांधायचं आणि ड्रॅग रेसला उतरायचं, असा प्लॅन. पैसे एकदाच हातात आहेत, आणि घासून बनवून घेतलेला कॅम कोणी परत घेत नाही. म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय.

आधी नायट्रसचं काम

आपण ज्याला "नॉस" म्हणतो ते खरं तर 1978 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका कंपनीचं नाव. गॅसचं नाव नायट्रस ऑक्साइड. पहिला गैरसमज इथेच असतो: हा गॅस स्वतः जळत नाही. त्यात वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत साधारण 23 टक्के. इंजिनात तापला की, साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे, तो तुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. ऑक्सिजन जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावर उडणाऱ्या विमानांसाठी हेच वापरलं होतं. त्या सिस्टिमला ते जीएम-1 म्हणायचे.

आता कॅमशाफ्ट. व्हॉल्व कधी उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमवरचे उंचवटे ठरवतात. क्रँक दोन फेरे मारते तेव्हा कॅम एक मारतो. साध्या, म्हणजे बाटली नसलेल्या रेसिंग इंजिनात सगळी धडपड हवा आत ओढण्यासाठी असते. त्यामुळे इनटेक व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवणारा मोठा कॅम घेतात.

नायट्रसमध्ये ही गरजच कमी होते. ऑक्सिजन बाटलीतून दाबाने येतोय, तो ओढायला लागत नाही. अडचण उलट बाजूला आहे. जाळलं जास्त, तर धूरही जास्त तयार झाला, आणि तो बाहेर काढायचा रस्ता तेवढाच आहे. जालन्याच्या मोसंबी मार्केटमध्ये आवक दुप्पट झाली आणि गाड्या बाहेर पडायचं गेट एकच राहिलं तर काय होतं, डोळ्यासमोर आणा. नायट्रसचा कॅम निवडताना आवक बघायची नाही, जावक बघायची.

आकडे कसे वाचायचे

कॅमसोबत एक कार्ड येतं. त्यावर लिफ्ट, ड्युरेशन आणि लोब सेपरेशन हे तीन आकडे महत्त्वाचे. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व किती मिलिमीटर उघडतो. ड्युरेशन म्हणजे क्रँकच्या किती डिग्रीपर्यंत उघडा राहतो. इथे एक फसगत होते. एक कंपनी ड्युरेशन अगदी सुरुवातीपासून मोजते, दुसरी 0.050 इंच म्हणजे 1.27 मिलिमीटर उचलल्यानंतर. पहिला आकडा नेहमीच मोठा दिसतो. दोन कार्डं शेजारी ठेवताना दोन्ही एकाच पद्धतीने मोजलीत का, ते बघा.

लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या उंचवट्यांमधलं अंतर, कॅमच्या डिग्रीत. हा आकडा लहान असला की दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात. यालाच ओव्हरलॅप म्हणतात. गाडी उभी असताना तो "धबक धबक" आवाज ओव्हरलॅपमुळेच येतो, आणि भावाला आवडलेला साउंड तोच.

हिशोब करून बघू. इनटेक 270 डिग्री, एक्झॉस्ट 280 डिग्री. दोघांची सरासरी 275. लोब सेपरेशन 110 असेल तर त्याची दुप्पट 220 वजा करायची: ओव्हरलॅप 55 डिग्री. सेपरेशन 114 केलं तर 47. म्हणजे चार डिग्री रुंद केल्यावर ओव्हरलॅप आठ डिग्रीने कमी. आणि कॅम सरळ बसवला असेल, म्हणजे ना पुढे ना मागे, तर याच बदलात एक्झॉस्ट व्हॉल्व चार डिग्री लवकर उघडतो, पिस्टन तळाला पोचायच्या आधी 70 ऐवजी 74 डिग्रीवर. नायट्रसला या दोन्ही गोष्टी हव्या असतात. ओव्हरलॅप कमी, म्हणजे महागडा नायट्रस आणि पेट्रोल न जळता सरळ सायलेन्सरकडे जात नाही. एक्झॉस्ट लवकर उघडला, म्हणजे वाढलेला दाब वेळेत सुटतो.

म्हणूनच नायट्रसच्या कॅममध्ये सेपरेशन साधारण 112 ते 116 असतं, आणि एक्झॉस्टचं ड्युरेशन इनटेकपेक्षा 8 ते 12 डिग्री जास्त ठेवतात. शॉट जितका मोठा, तितका हा फरक जास्त.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. विशीत असताना मीही आवाज ऐकूनच कॅम घेतला होता, सेपरेशन 106. नंतर त्याच इंजिनावर छोटा 50 हॉर्सपॉवरचा शॉट चढवला. चौथ्या रनला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नारिंगी झालं. हेड उतरवलं तर एका एक्झॉस्ट व्हॉल्वची कड जळून अर्ध्या चंद्रासारखी झाली होती. तो व्हॉल्व अजून गॅरेजमध्ये तारेला टांगलेला आहे. त्याच्यापायी वर्षभराची बचत गेली.

फुकटात काही मिळत नाही

एक्झॉस्ट लवकर उघडला की बाटली बंद असताना तोटा होतो, कारण पिस्टनला ढकलणारा दाब आधीच सोडून दिला जातो. खालच्या आरपीएमला गाडी सुस्त वाटते, पिकअप पडतो. 100 हॉर्सपॉवरच्या शॉटला 10 सेकंदांत साधारण अर्धा किलोपर्यंत गॅस लागतो. म्हणजे दिवसभरात बाटली चालू असते ती काही सेकंद. बाकी वेळ त्याच कॅमवर गाडी चालवायची आहे.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: 40-50 हॉर्सपॉवरच्या शॉटसाठी कंपनीचा मूळ कॅम ठेवा. रोजच्या गाड्यांमध्ये ओव्हरलॅप मुळातच कमी असतो, तो इथे कामाला येतो. आधी एक्झॉस्ट मोकळा करा, प्लग थंड प्रकारचे घ्या आणि इग्निशन मागे घ्या (50 हॉर्सपॉवरमागे साधारण 2 डिग्री). यात कंजुषी नको. इंजिनात व्हीव्हीटी असेल तर ईसीयू ट्यून करून इनटेक कॅम फुल थ्रॉटलला थोडा मागे नेता येतो. ओव्हरलॅप कमी होतो, नवीन कॅमचा खर्च वाचतो. दोन कॅमच्या इंजिनात अ‍ॅडजस्टेबल पुली लावूनही सेपरेशन बदलता येतं. एकाच कॅमवर दोन्ही उंचवटे असतील तर तो पर्याय नाही, नवा घासून घ्यावा लागतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांची मजा आहे: तिथे इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे असतात.

नवा कॅम घेतलाच, तर पिस्टन आणि व्हॉल्वमधली जागा मोजल्याशिवाय स्टार्टर मारू नका. पिस्टनवर लहान मुलांची खेळायची क्ले लावायची, हाताने इंजिन दोन फेरे फिरवायचं, हेड उघडून क्लेची जाडी मोजायची. इनटेकला निदान 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी तरी हवी.

आपल्याकडचा उन्हाळा

परदेशी व्हिडिओंत बाटली गरम करायचा हीटर दाखवतात. जालन्यात मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, आणि नायट्रस 36.4 अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. बाटलीत 900 ते 1000 पीएसआय दाब अपेक्षित असतो, उन्हात तो खूप वर जातो, पण गॅसची घनता पडते. जेट द्रवासाठी मोजलेले असतात, त्यामुळे पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. अशा दिवशी कॅमची तुलना केली तर निष्कर्ष चुकीचाच येणार. आम्ही पहाटे टेस्ट करतो आणि बाटलीवर ओलं गोणपाट टाकतो. बंद गाडीत उन्हात बाटली ठेवणं तर सरळ धोका आहे. आणि हॉस्पिटलमधला भुलीचा सिलिंडर कुठून तरी मिळवायच्या भानगडीत पडू नका.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जातो आणि रिकामा दिसतो, पण तिथे कारला मर्यादा 120 ची आहे आणि समोर कोणाचं तरी कुटुंब असतं. ही गाडी ट्रेलरवर चढवून न्यायची. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर "द व्हॅली रन" झालेली आहे, 402 मीटर, सरळ. अशा बंद ट्रॅकसाठीच हे सगळं.

कॅम घासणाऱ्याला फोन करताना इंजिनचं कॉम्प्रेशन, शॉट किती, फुल थ्रॉटलला आरपीएम कुठून कुठपर्यंत, एक्झॉस्ट पाइपचा व्यास आणि बाटलीशिवाय गाडी किती चालणार, एवढं हातात ठेवा. हे न विचारता कॅम विकणारा असेल तर दुसरा शोधा.

भावाला मी हेच पाच प्रश्न पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "दादा, पाइप दीड इंची निघाला. आधी तोच बदलतो." कॅम अजून मूळचाच आहे.