दुसरा सेट-टॉप बॉक्स : घरगुती जोडणी

घरात आलेल्या केबलच्या एकाच वायरीवर दुसऱ्या टीव्हीसाठी बसवलेला स्वतंत्र बॉक्स. वायर ओढणे, स्प्लिटर लावणे आणि बॉक्स टीव्हीला जोडणे ही कामे ग्राहकाला स्वतः करता येतात. बॉक्सवर वाहिन्या सुरू करणे केबलचालकाच्याच हाती असते.

पार्श्वभूमी : ॲनालॉग केबलच्या काळात वायरीला फाटा काढला की दुसरा टीव्ही लगेच चाले. केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा, १९९५ यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि देशभर टप्प्याटप्प्याने डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले. पुणे व सोलापूर दुसऱ्या टप्प्यात (३१ मार्च २०१३) होते. सातारा, कराड, सांगली, मिरज ही शहरे तिसऱ्या टप्प्यात आली. त्याची मुदत वाढत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत गेली. खेड्यांसाठीच्या चौथ्या टप्प्याची अखेर ३१ मार्च २०१७ ही ठरली. तेव्हापासून प्रत्येक टीव्हीवर वेगळी वाहिनी पाहायची, तर त्याला स्वतःचा बॉक्स लागतो.

साहित्य : आरजी-६ जातीची ७५ ओहमची कोॲक्सियल वायर, एफ-कनेक्टर, दोन तोंडांचा स्प्लिटर, एचडीएमआय किंवा तीनरंगी एव्ही वायर, आणि आपल्याच केबलचालकाकडून घेतलेला बॉक्स. दुसऱ्या कंपनीचा जुना बॉक्स सहसा चालत नाही, कारण वाहिन्यांचे कुलूप उघडणारी यंत्रणा प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

कृती : दोन्ही बॉक्स व टीव्ही मेन्सपासून सोडवावेत. बाहेरून आलेली वायर स्प्लिटरच्या ‘इन’ला लावून दोन ‘आउट’मधून दोन्ही बॉक्सकडे वायरी न्याव्यात. कनेक्टर बसवताना जाळीची एकही तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकू देऊ नये. बहुतेक बिघाड इथेच होतात. वायर कोपऱ्यात काटकोनात मोडू नये. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक फाट्यावर सुमारे ३.५ डेसिबल सिग्नल घटतो. म्हणून एकापुढे एक स्प्लिटर लावू नयेत. वायर लांब पडून चित्राचे चौकोन होऊ लागले, तर केबलचालकाकडून सिग्नल मोजून घ्यावा.

बॉक्स लावल्यावर मेनूतून वाहिन्यांचा शोध घ्यावा आणि बॉक्सचा क्रमांक केबलचालकाला कळवावा. तो आपल्या नावावर नोंदवला गेला की नियंत्रण केंद्रातून आदेश सुटतो. तोवर बॉक्स चालू ठेवावा. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असे आले तर दोष बहुधा वायरीत असतो. वाहिनीचे नाव दिसून चित्र येत नसेल, तर बहुधा बॉक्स सुरू झालेला नसतो किंवा ती वाहिनी घेतलेली नसते.

आकार : १ जानेवारी २०२० च्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) आदेशानुसार पहिल्या २०० वाहिन्यांसाठी नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादा करांखेरीज १३० रुपये होती. त्याच घरातील पुढच्या प्रत्येक टीव्हीसाठी जाहीर शुल्काच्या ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ५२ रुपये घेता येत. दोन्ही टीव्हींसाठी वेगळ्या वाहिन्या निवडण्याचीही मुभा होती. जुलै २०२४ मध्ये शुल्काची कमाल मर्यादा उठली. त्यामुळे बॉक्स घेण्यापूर्वीच दुसऱ्या टीव्हीचा दर विचारून पावती घ्यावी. बॉक्स विकतचा की भाड्याचा, हेही पावतीवर असावे. दोन्ही टीव्हींवर एकच वाहिनी पुरत असेल, तर एचडीएमआय स्प्लिटरने एका बॉक्सवरही काम भागते.

सावधगिरी : महाबळेश्वर, पाटण, जावळीच्या पावसाळ्यात डिशचे सिग्नल मुसळधार सरीत तुटतात. केबलवर पावसाचा असा थेट परिणाम होत नाही. मात्र उघड्या जोडात पाणी शिरून तांबे गंजते. बाहेरचे जोड झाकलेले व खाली तोंड केलेले असावेत. वीज कडाडत असताना जोडणी करू नये. घराबाहेरच्या खांबावरचा ॲम्प्लिफायर आणि वायर केबलचालकाची असते. तिथे ग्राहकाने कधीही चढू नये. घरातले काम नीट शिकून केले तर ते सुरक्षित असते आणि पुढचा बिघाडही लवकर सापडतो.