टोपातली फट

प्लर्सच्या टूर्नामेंटचा विजेता ठरला होता, पण तो कुठं सापडत नव्हता. साल 1177च्या आसपासचं, गाव फ्रान्समधलं. तेव्हाची टूर्नामेंट म्हणजे दोन बाजूंच्या सरदारांनी मोकळ्या माळावर केलेली खऱ्या शस्त्रांची झुंज, नियम मात्र खेळाचे. शोधायला गेलेल्यांना विल्यम मार्शल अखेर लोहारशाळेत भेटला. त्याचं डोकं ऐरणीवर होतं आणि लोहार हातोडा-सांडशी घेऊन टोप काढायची खटपट करत होता. वार खाऊन टोप इतका चेपला होता की डोक्यावरून निघेना. मार्शलच्या मृत्यूनंतर लवकरच रचलेल्या पद्यचरित्रात हा प्रसंग येतो.

मध्ययुगीन लढाया हौसेनं पुन्हा खेळणारे आज जे टोप घालतात, त्यांचं कूळ मी इथून शोधतो. टोप पारखणाऱ्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. वार आत येतो का? आणि आतल्या माणसाला बघता, श्वास घेता, वेळ आली तर बाहेर पडता येतं का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या आड येतं. टोपाचा सगळा इतिहास या ओढाताणीत घडला आहे.

तेराव्या शतकात पिंपासारखा, सपाट माथ्याचा ‘ग्रेट हेल्म’ आला. चेहरा पूर्ण झाकलेला, डोळ्यांपुढं अरुंद फट, श्वासापुरती बारीक भोकं. सपाट माथा घाव पूर्ण अंगावर घेई, म्हणून पुढं माथा निमुळता झाला आणि वार घसरू लागला. हवेचा प्रश्न मात्र राहिला. जर्मनीतल्या नॉइसच्या 1241च्या टूर्नामेंटमध्ये अनेक जण धूळ आणि उष्म्यानं गुदमरून मेल्याचं इतिवृत्तकारांनी लिहून ठेवलं आहे.

पंधराव्या शतकापर्यंत लढाईचा टोप आणि खेळाचा टोप यांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. भाल्याच्या खेळासाठी बेडूकतोंडी टोप घडले. छातीच्या चिलखताला जखडलेले, आठ-दहा किलोपर्यंत वजनाचे. घोडेस्वार पुढं झुकला तरच त्याला समोरचं दिसे; टक्कर होता होता तो मान वर घेई आणि भाल्याच्या कपच्यांना डोळ्यांची वाट बंद होई. त्याच काळात, 1460च्या सुमारास, आंजूच्या राजा रेनेनं टूर्नामेंटवर सचित्र ग्रंथ करवला. त्यातले सरदार बोथट तलवारी आणि गदा घेऊन झुंजतात, आणि त्यांच्या टोपांना तोंडावर गजांची मोठी जाळी आहे. गदा जाळीतून आत जात नाही, मग फट मोठी ठेवायला हरकत कसली? आजच्या जाळीदार टोपाचा खरा पूर्वज मला हाच वाटतो. रणांगणावरचा टोप त्याचा लांबचा नातलग.

शस्त्र आणि फट यांचा मेळ चुकला की काय होतं, ते पॅरिसमध्ये 30 जून 1559 रोजी भाल्याच्या खेळात दिसलं. गॅब्रिएल द माँटगोमेरीचा भाला तुटला आणि त्याची कपची टोपाच्या झडपेतून राजा दुसऱ्या हेन्रीच्या डोळ्याजवळ घुसली. आंब्रोझ पारे आणि व्हेसालिअस यांच्यासारखे वैद्य असूनही 10 जुलैला राजा गेला.

पुढच्या काळात हे टोप बहुतेक संग्रहातच राहिले. स्कॉटलंडमध्ये 1839 साली एग्लिंटनच्या सरदारानं जुन्या थाटाची टूर्नामेंट भरवली, ती पावसानं धुऊन नेली.

आजच्या खेळाची एक ठळक सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची. तिथं 1 मे 1966 रोजी एका घराच्या परसात झालेल्या सोहळ्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम’ उभी राहिली. तिच्या लढतीत तलवार वेताची असते. सुरुवातीच्या वर्षांत ज्याला जे मिळेल ते त्यानं डोक्यावर घातलं. फ्रिऑन वायूच्या रिकाम्या टाक्या कापूनही टोप बनले. मग नियम आले, आणि त्यांत अंदाजाला जागा फार थोडी ठेवली गेली. पत्रा निदान 16 गेजचा, म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटरचा. यंत्रावर फिरवून घडवलेला माथा असेल तर आणखी जाड, 14 गेजचा, कारण त्या प्रक्रियेत पत्रा पातळ होतो. तोंडाची जाळी हनुवटीच्या खाली निदान 1 इंच उतरलेली. जाळीतून 1 इंच जाडीचा दांडा आत जाता कामा नये. वेताची तलवार निदान सव्वा इंच जाड लागते, त्यामुळे हा दांडा अडला की तलवारही अडते. रेनेच्या जाळीमागचा विचार इथं मोजमापात उतरला आहे.

म्हणूनच हा टोप घालून पोलादी पात्यासमोर उभं राहणं धोक्याचं आहे. तिथं आधुनिक तलवारबाजीच्या खेळातला बारीक जाळीचा मुखवटा लागतो. तोही अभेद्य नाही. रोमच्या 1982च्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह या ऑलिंपिक विजेत्याच्या मुखवट्यातून तुटलेलं पातं आत गेलं आणि काही दिवसांनी तो मरण पावला. त्यानंतर मुखवटे आणि पाती दोन्हींचे निकष कडक झाले. शिवाय हा मुखवटा हलक्या पात्याच्या टोचण्यासाठी घडला आहे, डोक्यामागचा भाग तो उघडा ठेवतो. जुन्या युरोपीय दोन हाती तलवारीचा सराव करणाऱ्यांना म्हणून मागून वेगळं आच्छादन बांधावं लागतं.

युक्रेनमधल्या खोटिनच्या किल्ल्यात 2010 साली ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ सुरू झाली. त्या सांघिक झुंजीत बोथट पोलादी शस्त्रं आणि ऐतिहासिक घडणीचे टोप वापरतात. डोळ्यांपुढं फट असलेला जुना टोप तिथं चालतो, कारण भोसकायला मनाई आहे. तिथं डोळ्यांची अर्धी राखण नियम करतो. तो टोप उचलून दुसऱ्या खेळात नेला तर ही राखण मागंच राहते. देहरादूनहून अशा शस्त्र-चिलखतांची निर्यात होते. घेणाऱ्यानं टोप शोभेचा की झुंजीचा, पत्रा किती गेजचा, हे आधी विचारलं पाहिजे. भिंतीवर दोन्ही सारखेच दिसतात.

पत्रा घाव अडवतो, हिसका अडवत नाही. मेंदूला इजा होते ती हिसक्यानं. जड टोप फटक्यानं कमी हलतो, पण त्याचा भार मानेवर येतो. जुने कारागीर आत लोकर किंवा घोड्याचे केस भरून शिवलेलं अस्तर देत. काही अस्तरं टोपाला अशी शिवलेली असत की कवटी आणि पोलाद यांत अंतर राहावं. आज तिथं निदान अर्धा इंच जाड, घट्ट फोम लावतात. लढतीआधी टोप तपासणारा पट्टा बांधायला लावतो, जाळी चेहऱ्याकडं दाबतो, नाकाला लागली तर टोप नाकारतो. फोम तपासायला मात्र आत हात घालून तो दाबून बघावा लागतो. टोप बाहेरून घासूनपुसून लखलखीत ठेवणारे पुष्कळ. घाम पिऊन चपटा झालेला फोम वेळेवर बदलणारे त्यामानानं थोडे.