स्मरणरंजनाचा भूगोल : नशिराबाद आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी नट

सन २०२५ मध्ये दूरचित्रवाणीच्या आरंभकाळातील दोन विनोदी नट निवर्तले. ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले आणि ऑक्टोबरमध्ये सतीश शाह. पहिल्यांनी मराठीत गुंड्याभाऊ उभा केला. दुसऱ्यांनी ‘ये जो है जिंदगी’ ह्या हिंदी मालिकेत दर भागात नवे सोंग घेतले. अशा प्रसंगी प्रौढ प्रेक्षकांच्या मनात आपल्या तारुण्यातील नटांविषयी जी हुरहूर दाटून येते, ती केवळ वयाची गोष्ट मानण्याचा प्रघात आहे. एका पिढीचा एक नट, असे हे गणित होय. परंतु खानदेशापुरते तरी हे गणित जुळत नाही. कोणत्या नटाची आठवण कोणाच्या वाट्यास यावी हे येथे वयाबरोबरच प्रक्षेपकाच्या पल्ल्यानेही ठरविले. जळगाव–भुसावळ रस्त्यावरील नशिराबाद हे गाव ह्याचे बोलके उदाहरण आहे.

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले आणि पुढील वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. ह्याच केंद्रावर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) ह्यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ मालिका झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, तर बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने ह्या जोडीस घरच्या माणसांप्रमाणे आपलेसे केले. मात्र ह्या लोकप्रियतेची हद्द लहरींनी आखलेली होती. डोंगरावरच्या शक्तिशाली प्रक्षेपकाचाही पल्ला साधारणतः शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा असतो. जळगाव हे मुंबईपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर असून मध्ये सह्याद्री आडवा आहे. ज्या संध्याकाळी दादर वा सदाशिव पेठ चिमणरावांच्या फजितीस हसत होती, त्या संध्याकाळी नशिराबादच्या घरांत करमणुकीचे साधन होते ते आकाशवाणीचे.

ह्याचा अर्थ नशिराबादास चिमणराव अपरिचित होता, असा मात्र नव्हे. तो ग्रंथांतून येथे पोहोचण्यास कोणताही अडथळा नव्हता. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावं करून’ (१९४०) ह्या चित्रपटातून दामुअण्णा मालवणकरांच्या रूपाने त्याने पडद्यावरही पदार्पण केले होते. पुस्तक आगगाडीने जाते, चित्रपटाची रिळेही आगगाडीने जातात. लहरी तशा जात नाहीत. म्हणून खानदेशाकडे चिमणराव होता, पण प्रभावळकरांचा चेहरा व कर्व्यांचा आवाज त्यास नव्हता.

खानदेशात दूरचित्रवाणीचा खरा प्रवेश घडला तो उपग्रहामुळे. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभारले गेले. अशा प्रक्षेपकाचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरांचा असे आणि आरंभी तो दिल्लीचा कार्यक्रमच पुढे पाठवी. परिणाम असा झाला की, आपल्याच राज्याच्या राजधानीतील मराठी कार्यक्रमाआधी दिल्लीचा हिंदी कार्यक्रम जिल्ह्याच्या गावी आला. १९८४ मध्ये ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. तीत शफी इनामदार, स्वरूप संपत व राकेश बेदी हे त्रिकूट आणि जोडीस सतीश शाह होते. लेखन हिंदीतील व्यंगकार शरद जोशी ह्यांचे होते. मागोमाग १९८६ मध्ये ‘नुक्कड’ आणि १९८८ मध्ये ‘वागले की दुनिया’ ह्या मालिका आल्या.

ह्या हिंदी विनोदास खानदेशात परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. भुसावळचे रेल्वे जंक्शन, बऱ्हाणपूरशी जुने दळणवळण आणि गावातील उर्दूभाषक वस्ती ह्यांमुळे हिंदुस्थानी बोली कानांवरून गेलेली होती. घरात लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि पडद्यावर हिंदी, अशा तीन स्तरांवर ह्या पिढीचे कान घडले. ‘वागले की दुनिया’ ह्या दृष्टीने विशेष मननीय आहे. आर. के. लक्ष्मण ह्यांच्या कल्पनेतून उतरलेला हा मराठी आडनावाचा पापभीरू कारकून अंजन श्रीवास्तव ह्यांनी रंगविला व त्याची पत्नी भारती आचरेकरांनी. चिमणरावाच्याच जातकुळीचा हा गृहस्थ नशिराबादास भेटला तो हिंदी बोलत.

ह्यावरून एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मराठी व्यक्तींची तुलना करता येते. १९७० साली मुंबईत जन्मलेल्या व्यक्तीचा पहिला विनोदी नट प्रभावळकर असणे शक्य आहे. नशिराबादच्या त्याच वयाच्या व्यक्तीचा तो सतीश शाह अथवा शफी इनामदार असण्याचा संभव अधिक. पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी निघाली व २००१ पासून तीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका झाली, तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकास आबा टिपऱ्यांच्या रूपाने जुना स्नेही परत भेटला. खानदेशच्या प्रेक्षकास हा नट चित्रपटांतून ठाऊक असला, तरी दिवाणखान्यातील सोबती म्हणून त्याची ही पहिलीच भेट होती. एकाच मालिकेस एके ठिकाणी पुनर्भेटीचा गोडवा होता, दुसऱ्या ठिकाणी नव्या ओळखीचा.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने ह्या भेदाचे महत्त्व मोठे आहे. त्या काळी चित्रफिती महाग असल्याने मुद्रण पुसून फीत पुन्हा वापरली जाई. त्यामुळे आरंभीच्या कार्यक्रमांचा अभ्यास पुष्कळ अंशी प्रेक्षकांच्या स्मृतीवर विसंबतो. आणि स्मृती ही पाझरणारी असते. वाचलेल्या चिमणरावास पुढे छायाचित्रांतून वा वृत्तपत्री लेखांतून पाहिलेला चेहरा चिकटतो आणि ‘आम्ही लहानपणी पाहिला’ असे प्रामाणिकपणे सांगितले जाते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’, ‘देख भाई देख’, ‘श्रीमान श्रीमती’ आदी मालिका पुन्हा दाखविल्या. तेव्हापासून मूळची आठवण व पुनःप्रक्षेपणाची आठवण वेगळी काढणे अधिकच कठीण झाले. म्हणून साक्ष घेताना काय पाहिले ह्याबरोबरच कोठे, कोणाच्या घरी, कोणत्या प्रक्षेपकावरून पाहिले, हे प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

‘मराठी माणसाच्या लहानपणीचे दूरदर्शन’ असा शब्दप्रयोग आज सर्रास होतो. त्यात मुंबई-पुण्याची आठवण साऱ्या महाराष्ट्राची म्हणून गृहीत धरली जाते. नशिराबादची आठवण तिच्याहून कमी मराठी नाही. ती निराळ्या मार्गाने आलेली आहे. १९८४ मध्ये ज्यांनी शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून दिल्लीचा विनोद ऐकला, ते आज साठीच्या आसपास आहेत. त्यांच्या साक्षी वेळीच नोंदविल्या गेल्या नाहीत, तर पुसलेल्या फितींमागोमाग त्या फिती पाहणाऱ्यांचा इतिहासही पुसला जाईल.